टेनिस एल्बो आणि लिमये काकूंच्या पोळ्या

डोंबिवलीत एका हाडांच्या डॉक्टरांकडे मी फिजिओथेरपिस्ट आहे. बारा वर्षांत इतके किस्से साठलेत की चहाला बसलं की एक तरी निघतोच. त्यातले निम्मे टेनिस एल्बोचे, म्हणजे कोपराच्या दुखण्याचे. टेनिस खेळणारा पेशंट मात्र अजून एकही आलेला नाही! एका आजोबांना आजाराचं नाव सांगितलं, तर ते घाबरून बायकोला म्हणाले, "शपथ सांगतो, मी कधी खेळलेलो नाही!"

*

आमच्या सरांकडे इंजेक्शनांची तुलना करणारा रंगीत तक्ता आहे. स्टिरॉइडने लवकर आराम पडतो, पण दुखणं उलटू शकतं. पीआरपी म्हणजे आपलंच रक्त काढून, मशीनमध्ये फिरवून, त्यातला कामाचा भाग परत टोचायचा. गुण आलाच तर सावकाश. तिसरं साखरेच्या पाण्याचं. सर वीस मिनिटं समजावतात आणि पेशंट विचारतो, "यातलं कमी कुठलं दुखेल?"

साखरेच्या पाण्याला एका बाईंनी साफ नकार दिला. "मला डायबिटीस आहे!" असं म्हणत पर्समधून पेढे काढले. एक मला दिला, एक स्वतः खाल्ला.

*

पाटणकर आणि म्हात्रे एकाच सोसायटीतले. पाटणकर बँकेतून रिटायर, म्हात्रे वागळे इस्टेटमध्ये लेथवर. पाटणकरांनी स्टिरॉइड घेतलं आणि आठवड्यात टुणटुणीत झाले. म्हात्रेंनी पीआरपी घेतलं आणि कण्हतच राहिले.

"तुझं रक्तच स्लो आहे रे!" पाटणकर सोसायटीच्या बाकावर सगळ्यांसमोर म्हणाले.

तीन महिन्यांनी म्हात्रे पाना फिरवायला लागले आणि पाटणकर कोपर धरून परत आले. सरांना हळूच म्हणाले, "आमचा ब्लडग्रुप एकच आहे. मला म्हात्रेचंच रक्त टोचा ना!"

*

आता लिमये काकू. त्यांचं पोळी-भाजी केंद्र, रोजच्या तीनशे पोळ्या. लाटणारा हात त्यांचाच. तो गेला तर केंद्र गेलं.

सरांनी स्टिरॉइड दिलं आणि पंधरा दिवस आराम सांगितला. चौथ्या दिवशी काकू दुखरा हात घेऊन हजर.

"आराम केला हो! नुसत्या पोळ्याच लाटल्या. पुरणपोळ्यांची ऑर्डर परत पाठवली!"

मी त्यांना एकच सांगत राहिले, "काकू, कोपरातून नाही, खांद्यातून लाटा." पण व्यायामाला वेळ कुणाला? मग पीआरपी झालं. त्यानेही काही फरक पडला नाही.

*

गेल्या महिन्यात काकू सरांसमोर बसल्या. "केंद्र बंद करू का, ते सांगा." असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

सरांनी तक्ता काढला. साखरेच्या पाण्यावर बोट ठेवताना त्यांची बाही वर सरकली. कोपराखाली टेनिस एल्बोचा पट्टा!

"अगंबाई, तुम्हालापण? तुम्ही यातलं कुठलं घेतलंत?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे.

"मला सुईची भीती वाटते," सर म्हणाले. "या मॅडमकडेच व्यायाम करतो. सहा महिने झाले."

"आणि दुखणं?"

"जवळजवळ गेलंच."

मला सगळं माहीत होतं आणि मी गप्प बसले होते. नोकरी टिकवायची होती. खूप लाज वाटली.

काकूंनी तक्त्याची घडी केली आणि पर्समध्ये टाकली. "मीपण व्यायामच करते. पण रविवारची ऑर्डर सगळ्यात मोठी असते. तुमचा हात बरा आहे ना आता?"

*

दवाखान्याच्या दारावर सध्या पाटी आहे, 'रविवारी डॉक्टर भेटणार नाहीत.' परवा रविवारी मी पोळ्या आणायला गेले. केंद्राबाहेर रांग होती. आतून काकूंचा आवाज आला,

"डॉक्टर, कोपरातून नाही, खांद्यातून लाटा!"