करंज्याचं घर

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण — कारण काही नाही, आता राहवत नाही.

वादळात करंजा गावातल्या एका घराचे पत्रे उडाले, मागची भिंत बसली. आम्ही पनवेलचे. पडकं घर घ्यायचं, नीट करून मुंबईच्या कुणाला तरी विकायचं, हा बेत माझाच. मालक विचुंब्याला फ्लॅटमध्ये राहायला गेलेला. कागद त्याच्या नावावर. व्यवहार सरळ झाला. मग चुकलं कुठे?

काम सुरू झालं आणि त्या मालकाची आई येऊ लागली. वादळापासून ती गावातच बहिणीकडे राहायची. सुकट विकून आली की टोपली खाली ठेवून नव्या प्लास्टरवर पाणी मारायची — कुणी सांगितलेलं नसताना. मला वाटलं, घराची माया असेल. एक दिवस म्हणाली, "बाय, माजी चूल त्याच कोपऱ्यात ठेव. पोरगा बोलला, दुरुस्ती झाली का आपून परत ऱ्हायला येऊ."

घर विकलंय हे मुलाने आईला सांगितलंच नव्हतं. मग मी तिला कोण वाटत होते? कामावर देखरेख करणारी बाई?

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "ठेवते."

का म्हणाले? दया आली म्हणून? नाही. ती तिथे असली की सिमेंटची चोरी होत नव्हती, गवंडी टंगळमंगळ करत नव्हते. हे खरं कारण. भिंतींचा रंगसुद्धा मी तिला निवडू दिला.

घर विकलं गेलं. मुंबईचं जोडपं ताबा घ्यायला आलं त्या सकाळी दार उघडं पाहून तीही आली — नवं लुगडं, डोक्यावर अंथरुणाची वळकटी. सरळ आत गेली, वळकटी खोलीत ठेवली. नवी मालकीण दचकली. "या कोण?"

म्हातारीने हसून माझ्याकडे बघितलं. "सांग गो त्यांना."

"शेजारच्या आहेत," मी म्हणाले. "हल्ली विसरतात जरा."

माझाच आवाज होता तो. इतका सहज कसा निघाला?

ती माझ्याकडे बघत राहिली. मग वळकटी उचलायला वाकली, तर तिला ती उचलेना. कुणी पुढे झालं नाही. मीही नाही — मी त्या दोघांना पाण्याचा पंप कसा चालू करायचा ते दाखवत होते.