करडाच्या वाटणीचं दूध

आमच्या चांगुणाताईंचा हात लई सढळ. खर्ड्याकडच्या आमच्या वस्तीत लहानथोर सगळ्यांना ठावं हाय. मला जरा जास्तच ठावं, कारन अंगणवाडीत त्या सेविका आन मी, बिस्मिल्ला, मदतनीस. नऊ वर्सं झाली. कुनाचं पोर अनवानी दिसलं की घरच्या चपला आनून द्यायच्या. डाळ संपली की आपल्या घरचा डबा आनून ओतायच्या. मी म्हनायची, "ताई, जरा आवरतं घ्या." त्या नुसत्या हसायच्या. त्या हसन्याचा मला रागच यायचा.

त्यांची धाकटी स्नेहल आमच्याच अंगणवाडीत, पाचाला टेकलेली. तिथं तिनं आईला आई म्हनायचं न्हाई, बाकीच्या पोरांसारखं 'ताई' म्हनायचं. पंगत बसली की तिचं ताट सगळ्यात शेवटी. सेविकेनं आपल्याच पोरीला वाढलं, असं कुनी म्हनायला नको. तिनं ताट पुढं केलं की ताई रोज एकच सांगायच्या, "आधी बाकीच्यांना." मग बरेचदा तिच्या ताटात पातेल्याच्या बुडाची खरवड पडायची. खिचडी शिजवनारी मी. मला सगळं दिसायचं, पन बोलायची चोरी.

गेल्या थंडीत वरून निरोप आला, प्रत्येक अंगणवाडीनं हातानं केलेलं चित्रांचं पुस्तक जामखेडच्या मेळाव्यात मांडायचं, विषय मोठं मन. ताई आठ दिवस कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर रंग भरत बसल्या. गोष्ट चंदी शेळीची. चंदी आजारी म्हाताऱ्याला दूध देती, मांजरीच्या पिलांना देती, वाटंनं जानाऱ्याला देती. शेवटच्या पानावर तिची कास रिकामी, आन शेजारी तिचं करडू गोड हसत बसलेलं. सुपरवायझर मॅडम येऊन बघून गेल्या. हे पुस्तक पुढं नगरला जानार, म्हनाल्या. ताईंना आभाळ ठेंगनं झालं.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी त्यांनी पोरांना वाचून दाखवायला पुस्तक उघडलं. शेवटचं पान आलं आन त्या थांबल्या. निळ्या खडूनं कुनीतरी करडाचं हसू गिरबटून टाकलं हुतं. तोंडापुढं एक वाकडीतिकडी वाटी काढली हुती.

"कुनी केलं हे?" ताईंचा आवाज चढला.

स्नेहल उठून उभी राहिली. "मी."

"का गं?"

"ते करडू हसत न्हाई, ताई. त्याला भूक लागलीय. पन त्याची आई म्हनती, आधी बाकीच्यांना."

ताईंनी माझ्याकडं बघितलं. मी बी मग हातचं राखलं न्हाई. म्हनलं, "माझ्याकडं काय बघता? दोन वर्सं खरवड मीच काढून देती तिला."

ताई पोरीपुढं खाली बसल्या. "स्नेहल, तू रोज उपाशी राहती व्हय?"

पोरीनं जरा इचार केला. आईला वाईट वाटू नये म्हनून हळूच म्हनाली, "रोज न्हाई."

ताई तिला कवळ्यात घेऊन रडल्या, सगळ्या पोरांदेखत. मला बी आवरलं न्हाई. त्या दिवशी स्नेहलचं ताट मी रांगेत जागच्या जागी वाढलं, आन कुनाच्या बापाची बोलायची हिंमत झाली न्हाई.

दुसऱ्या दिवशी मी ताईंसंगं जामखेडला गेले. मॅडमनी शेवटचं पान बघितलं आन कपाळाला आठ्या घातल्या. म्हनाल्या, "एवढं पान घाण झालंय. लगेच दुसरं काढा, अजून वेळ आहे. असं नगरला पाठवता येणार नाही."

"नका पाठवू," ताई म्हनाल्या. "माझ्या लेकीनं काढलंय ते."

एवढ्या बायांत त्या स्नेहलला माझी लेक म्हनाल्या, ते मी पहिल्यांदा ऐकलं.