दारावरचं नाव

आमच्या नरसिंहपूरच्या बचत गटातल्या बायका जमल्या की पुराचे किस्से निघतातच. घरातला गाळ एकदाचा उपसून झाला, किस्से काही संपेनात! त्यातले निम्मे मंदावहिनींचे. भीमा-नीरेच्या पुरात त्यांचं घर पडलं. तेव्हापासून त्यांचा एकच ध्यास, नवं घर आपल्याही नावावर हवं.

*

पंचनाम्याला साहेब आले. पडक्या भिंतीपाशी वहिनी उभ्या. साहेब विचारतात, "घरात कुणी आहे का?"

"मी हाय की."

"तसं नाही, कुणी पुरुषमाणूस?"

"साहेब, घर पडलं, मी तेवढी उभी हाय. माझंच नाव लिवा!"

*

शाळेत मुक्कामाला होतो, तेव्हा मदतीचा टेम्पो आला. साड्याच साड्या, भरजरीसुद्धा! वहिनी ढीग उपसतायत. टेम्पोतली पोरं म्हणाली, "मावशी, आवडेल ती घ्या."

"आरं बाबांनो, परकर कुठाय? ही नेसू कशावर?"

पुढच्या टेम्पोत परकर आले. पॅड मागायला मात्र सगळ्यांनी मलाच पुढं ढकललं!

*

शाळेच्या न्हाणीला कडी नव्हती. एक बाई आत, दुसरी बाहेर राखणीला. वहिनींनी सरपंचांना गाठलं. "आबा, भाषण मागनं करा, आधी कडी लावा!"

कडी लागली. वहिनी आत गेल्या त्या बाहेरच येईनात. मी दार वाजवलं.

"बसलीया जरा. पूर आल्यापास्नं निवांत रडायला जागाच घावली न्हवती."

नंतर कुणीच दार वाजवलं नाही.

*

"बाईचं नाव कशाला?" म्हणून वहिनींचे मालक दत्तूभाऊ कितीतरी दिवस घुश्शात होते. तरी नवं घर दोघांच्या नावावर झालं. पाटी रंगवायला पेंटर आला, तर वहिनी म्हणाल्या, "कागदावर मंदा ऱ्हाऊ दे. दारावर हौसा लिव."

हौसा हे त्यांचं माहेरचं नाव, लग्नात बदललेलं. आई गेल्यापासून त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं.

"लई आठवण येती गं त्या हौसाची," वहिनी मला म्हणाल्या.

संध्याकाळी दत्तूभाऊ उसाला पाणी देऊन आले. पाटी वाचत दारातच थांबले. आम्ही सगळ्या आतून बघतोय. एरवी बायकोला "अगं ए" म्हणणारा माणूस, आता काय बोलतोय कुणास ठाऊक!

त्यांनी चपला काढल्या. आत बघून हळूच म्हणाले, "हौसा, आत येऊ का?"

वहिनींनी पदरानं डोळे पुसले.

"या की," म्हणाल्या, "पण पाय धुऊन!"