दूधवाल्याची गाडी आणि अल्लीपूरचा पट

नामदेवच्या गॅरेजमध्ये पाच मिनिटं टेकलं तरी पँटला ग्रीस आणि डोक्याला एखादा किस्सा चिकटायचाच. ग्रीस आईनं रॉकेल लावून काढलं. किस्से अजून निघाले नाहीत!

ऐंशी सालानंतरची गोष्ट. गॅरेज आमच्या आंजी गावातलं. त्या वर्षी अल्लीपूरला शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या मैदानावर चक्क मोटरसायकलची शर्यत ठरली. ढेकळं, उड्या, मधे नाला, सगळं! मी शाळामास्तर, गाडी बेताचीच चालवणारा, पण अंगात वारं शिरलं. बाबा म्हणाले, "जुनी गाडी घेऊ. शर्यत पुरी केली तं तुही. अर्ध्यात थांबला तं इकून टाकजो, अन् गुमान मोपेड घेजो."

मोपेड! शाळेत पोरं काय म्हणतील, या विचारानं माझी झोप उडाली.

*

मी नागपूरहून एक इंग्रजी मासिक आणलं. त्यात परदेशी मोटोक्रॉसच्या, म्हणजे अशाच ढेकळांतल्या शर्यतीच्या गाडीचा रंगीत फोटो होता, खाली किंमतही. नामदेवनं हात पुसून फोटो नीट न्याहाळला.

"लाइट नाई, हॉर्न नाई, इंडिकेटर नाई. अन् इतके पैसे मांगून राह्यले? मास्तर, माह्या गॅरेजच्या मांगं अशा तीन पडल्या हायेत!"

*

शेवटी बाबा, नामदेव आणि मी वर्ध्याला जुन्या गाड्यांच्या दुकानात गेलो. खिशाला झेपतील अशा दोनच होत्या. एक भारीभक्कम, काळी, आवाज असा की छाती भरून यावी! दुसरी आमच्याच गावच्या दूधवाल्यानं विकायला ठेवलेली, हलकी, कॅन घासून रंग गेलेली. माझा जीव काळीवर जडला होता.

बाबांनी पटासाठी जन्मभर बैल पारखलेले. ते दोन्ही गाड्यांभोवती फिरले, सीट दाबून पाहिली आणि म्हणाले, "निजवा तिले."

"काय?"

"आडवी करा. उठतो कसा हे पाह्यल्याबिगर मी बैल कधी घेतला नाई."

काळी आडवी केली. उचलायला मी, नामदेव, दुकानदार आणि शेजारचा पानवाला, असे चौघं लागलो.

"शर्यतीत या तिघाइले मांगं बसवून नेशील का?" बाबा म्हणाले.

दूधवाल्याची मी एकट्यानं उचलली. तीच घेतली.

*

नामदेवनं वजन कमी करायला लाइट, हॉर्न, मडगार्ड सगळं काढलं. आवाज मात्र तोच राहिला. पहिल्याच सकाळी मी सरावाला सुसाट निघालो, तर गल्लीत दारोदारी बाया भांडी घेऊन उभ्या!

"काऊन रे मास्तर," एक मावशी ओरडली, "आज दूध नाई का?"

*

अल्लीपूरला नावं लिहून घेणारा बुवा दरवर्षी पटाची नावं लिहिणारा.

"जोडी कोणाची?"

"जोडी नाही, एकटीच आहे."

"एकटीले आमी पळवत नाई!" त्यानं थोडा विचार केला आणि वहीत लिहिलं, "डावी गाडी, उजवा मास्तर." भोंग्यावर पुकाराही तसाच झाला!

*

शर्यत सुटली! धूळ, शिट्ट्या, आरडाओरडा! शेवटच्या फेरीत नाल्यात मी धाडकन आडवा झालो. काठावर बाबा उभे. मला डोळ्यांसमोर मोपेड दिसली. शेजारीच ठेकेदाराच्या पोराची भारी गाडी पडलेली, आणि तो "या रे, या रे" करून माणसं बोलावत होता. मी माझी उचलली. किक मारली, काही नाही. दुसरी, तिसरी, काही नाही. चौथीला पेटली! काय सांगू, मी ओरडतच नाल्याबाहेर आलो. दहा जणांत नववा आलो, पण शर्यत पुरी केली!

गर्दीतून बाबा आले. हातात गुळाचा खडा. पटावर जिंको की हरो, ते आपल्या बैलांना स्वतःच्या हातानं गूळ चारायचे. ते गाडीसमोर उभे राहिले. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. लाइटच्या जागी नुसत्या दोन वायरी लोंबत होत्या.

"नामदेव, इचं तोंड कुठं ठेवलं बे?"

"गॅरेजमंधी हाय, काका."

"मंग आजच लावून दे. घरी न्यायचं हाय तिले."