फटफटीची गादी आणि बाबांची सरकी

चहाचा घोट आधी गिळून घ्या, मगच पुढचं सांगतो. मागे एकदा हा किस्सा ऐकताना आमच्या एका व्याह्यांना ठसका लागला आणि माझं नवं धोतर कामातून गेलं.

माणसाच्या हातून चुका होतात हो. कुणी चुकीच्या गाडीत चढतं, कुणी चुकीच्या पंगतीत जेवून येतं. पण मी जे केलं ते अख्ख्या वऱ्हाडात दुसऱ्या कुणी केलं असेल, तर मी मिशी उतरवायला तयार आहे!

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं. बडनेऱ्याजवळच्या आमच्या गावात फटफटी यायची ती एकच, आमच्या भाऊजींची. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, वच्छीचे, मालक गुलाबराव. अकोल्याच्या एका जिनिंग फॅक्टरीत इंजिनावर मिस्त्री. कुण्या साहेबानं भंगारात टाकलेली फटफटी त्यांनी स्वतःच्या हातानं जिवंत केली होती. माणूस गुणी, पण अबोल. दिवसभरात चार शब्द बोलले तर आमची माय म्हणायची, आज जवाईबापू फार बोलले.

त्या साली अधिक श्रावण आला. अधिकात जावयाला बोलावून धोंड्याचं जेवण द्यायचं, अनारशांचं ताट द्यायचं. वच्छीला दिवस गेलेले, म्हणून ती अकोल्यालाच राहणार आणि भाऊजी एकटे येणार. खरी गोम इथेच होती. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण तिच्या सासूनं, म्हणजे आमच्या ईहीनबाईंनी, निरोप धाडला होता, "अकोल्यात मोठा दवाखाना हाय, खेड्यात कायले पाठवू?" आता सगळी आशा भाऊजींच्या एका 'हो'वर.

मायनं मला आदल्या दिवशी चुलीपाशी बसवलं.

"बबन्या, दोन दिवस तोंड बंद ठेव आन् हातबी बंद ठेव. जवाईबापू खुशीत गेले पायजेत. माही पोरगी माह्या घरी आली पायजे रे बाप्पा."

मीही मनाशी ठरवलं, जीव गेला तरी भाऊजींना खूश करायचंच.

आणि तिथेच घोटाळ्याला सुरुवात झाली!

माझा स्वभाव सांगायचा राहिला. मला धीर नाही. भात शिजायला ठेवला की मी दहा वेळा झाकण उघडणार. त्या साली बाबांनी मला वावराचा एक तुकडा दिला होता, "तू पेर, तू पाय" म्हणून. मी पेरला. रोज सकाळी जाऊन बोटानं उकरून पाहायचो, मोड फुटला का. कुणास ठाऊक काय झालं, माझ्या तुकड्यात काहीच उगवलं नाही. बाबांनी कपाळाला हात लावला आणि दुबार पेरणीसाठी सरकी, म्हणजे कपाशीचं बी, काढून ठेवली. पेरायची सरकी कशी असते माहीत आहे ना? शेणामातीत चोळायची, म्हणजे एकीला एक चिकटत नाही. तशी चोळून, सुकवून त्यांनी ती ओसरीवर पोत्यात बांधून ठेवली होती. पावसानं ओढ दिली होती. पाऊस आला की पेरायची, एवढंच बाकी.

तर भाऊजी आले. फट्‌फट्‌फट्‌ करत अंगणात शिरले. मायनं पाण्याचा तांब्या दिला. बाबांनी सतरंजीकडे हात केला, "बसा जवाईबापू."

"राहू द्या," भाऊजी म्हणाले आणि खांबाला टेकून उभे राहिले.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. भाऊजी उभेच!

"बसा नं."

"बरं हाय असंच."

मायचं तोंड उतरलं. आत येऊन मला म्हणाली, "रुसले वाट्टे! बबन्या, तू काही बोलला का?"

"मी तं रामरामबी नाई केला अजून!"

जेवायला पाटावर बसले तेही एका कुल्ल्यावर, तिरपे. दोन घास खाल्ले आणि उठले. माय चुलीपुढे डोळे पुसायला लागली. धुरानं नव्हे, खरोखर. बाबा तंबाखू मळत विचारात पडले, मानपानात कुठं कमी पडलं?

मी आपला फटफटी पाहायला बाहेर गेलो. पाहतो तर काय! गादीचं चामडं मधोमध फाटलेलं, आतला भराव केव्हाच गळून गेलेला, आणि दोन स्प्रिंगा डोकं वर काढून बसलेल्या. वर नुसती गोणपाटाची घडी. अकोल्यापासून इथवर हा माणूस त्या स्प्रिंगांवर बसून आला होता! रुसवा कसला अन् फुगवा कसला, त्यांना बसताच येत नव्हतं!

मी पळत आत जाऊन मायला सांगायला हवं होतं. शहाण्या माणसानं तेच केलं असतं. पण माझ्या डोक्यात कल्पना आली. भाऊजी उद्या दिवसभर बाबांबरोबर अमरावतीला जाणार होते, अंबादेवीच्या दर्शनाला, बैलगाडीनं. तेवढ्यात गादी नवी करून ठेवायची! धोंड्याचं वाण म्हणून! भाऊजी खूश, माय खूश, वच्छी माहेरी.

दुसऱ्या दिवशी गाडी वेशीबाहेर गेली आणि मी पान्हा घेऊन गादी सोडवली. घरात विहिरीच्या जुन्या मोटेचं चामडं पडून होतं. ते घेऊन मोटा शिवणाऱ्या किसनबुवांकडे गेलो.

"शिवून देतो," किसनबुवा म्हणाले, "पण आत भरू काय?"

आली का पंचाईत! कापूस कधीच विकून झालेला. कडबा भरून पाहिला तर कुरकुरला. जुनी वाकळ कोंबली तर गादी बाजूला कलली. मग मला आठवलं, गाडीतून बाजाराला जाताना सरकीच्या पोत्यावर बसलं की कसं वाटतं? पोतं बरोबर आपल्या आकाराचं होतं! ना टोचत, ना रुतत. ओसरीवर पोतं होतंच. थोडी घेतली. थोडीनं गादी भरेना, म्हणून आणखी थोडी घेतली. असं करता करता पोतं रिकामं झालं.

म्हटलं, पाऊस कुठं आलाय अजून? आणू दुसरीकडून.

किसनबुवांनी जाड दोऱ्यानं लांब लांब टाके घातले. काय गादी झाली हो! संध्याकाळी भाऊजी आले, पाहिलं, हळूच बसले. डोळे मिटले.

"बसल्यावानी वाटून राह्यलं," ते म्हणाले.

एवढं मोठं वाक्य! मायनं घाईघाईनं अनारशांचं ताट पुढे केलं आणि विषय काढला. "जवाईबापू, वच्छीले धाडता नं?"

"मायशी बोलतो," भाऊजी म्हणाले. आमच्या घरात दिवाळी झाली.

सकाळी निघतानाची गंमत सांगतो. सरकी म्हणजे म्हशीचा आवडता खाऊ; आमची म्हैस दावं ताणून त्या गादीला चाटायला लागली. हटेचना!

"काहून चाटून राह्यली हे?" भाऊजींनी विचारलं.

"तुमी चालले नं भाऊजी, तिले वाईट वाटून राह्यलं," मी म्हणालो.

भाऊजी गेले आणि तासाभरात आभाळ फाटलं. धो धो! बाबा आनंदानं ओसरीवर नाचायचेच बाकी होते. "बबन्या, पोतं काढ! पेरू आता!"

बाबांनी स्वतःच पोतं उचललं, ते फुलासारखं वर आलं.

"सरकी कोठी गेली?"

मी म्हशीकडे पाहिलं. म्हशीनं माझ्याकडे पाहिलं. बाबांनी दोघांकडे पाहिलं आणि शिव्या म्हशीला दिल्या. देव मला क्षमा करो, मी गप्प बसलो. शेजाऱ्यांकडून बी आणून बाबांनी पेरणी केली, आणि माझी सरकी तिकडे पावसात भिजत अकोल्याला निघाली होती.

मग वाट पाहणं सुरू झालं. दिवस गेले, आठवडा होत आला, अकोल्याहून ना चिठ्ठी ना निरोप. माय म्हणे, "आता मात्र रुसलेच." मला रात्री स्वप्नं पडायची, गादी फुटली, सरकी रस्ताभर सांडली, भाऊजी पडले. शेवटी मायनं अनारशांचा डबा हातात दिला आणि मला रेल्वेत बसवलं. "ईहीनबाईच्या पाया पड, आन् पोरीले घेऊनच ये."

अकोल्यात भाऊजींच्या गल्लीत वळलो. दारात ही गर्दी! बायका, म्हातारे, फॅक्टरीतले गडी. माझ्या मनात नको ते आलं. गर्दीतून वाट काढत पुढे गेलो.

वळचणीखाली फटफटी उभी होती. आणि गादीवर, काय सांगू, गादीवर हिरवंगार शेत उभं होतं! टाक्याटाक्यातून जोडपानं बाहेर आलेली. मोटेचं चामडं फुगून टम्म झालेलं. वर हळदकुंकू वाहिलेलं, समोर उदबत्ती, आणि ईहीनबाई हात जोडून उभ्या!

मला पाहताच त्या म्हणाल्या, "या बबनराव या! बरे येळेवर आले!"

मला कुणी बबनराव म्हणण्याची आयुष्यातली ती पहिली वेळ. मी पाया पडलो आणि उठायलाच तयार नाही. म्हटलं, आता मार बसणार.

"अवो उठा! पाह्यलं का हे? घरात दोन जिवाची सून, आन् दारात तिच्या माहेरची वस्तू हिरवी झाली! नवरात्रात घट उगवते तसं! माहेरची मातीच बलावून राह्यली पोरीले. म्या नाई म्हटलं होतं, मायी चूक झाली. घेऊन जा तिले आजच!"

मी भाऊजींकडे पाहिलं. ते ओसरीवर घोंगडी पांघरून बसले होते. त्या पावसात भिजून तापानं पडले होते, म्हणून निरोप नव्हता. आता ताप उतरला होता. हा माणूस जिनिंगमध्ये काम करणारा! सरकी ओळखत नसेल? त्यांच्या हातात गादीतून उपटलेलं एक रोप होतं. त्यांनी ते पाहिलं, मला पाहिलं, मग आईला पाहिलं. एका शब्दाचं काम होतं.

"हाव माय," भाऊजी म्हणाले, "शकुनच हाय."

हुश्श! तेव्हा मला कळलं, बायकोनं माहेरी जावं हे त्यांच्याही मनात होतं, आईपुढे बोलायची सोय नव्हती.

आम्ही निघालो तेव्हा भाऊजी उंबऱ्यापर्यंत आले आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "साळेबुवा, गादीच्या डवरणी-निंदणीले कवा येता?"

वच्छी बडनेऱ्यापर्यंत हसत होती. मी तिला दर स्टेशनावर सांगत होतो, अवो हळू हस, तुले असं हसणं बरं नाई.

घरी आल्यावर लेकीला पाहून माय इतकी रडली की तिला आनंद झालाय हे समजायला वेळ लागला. मग मी सगळं खरं सांगून टाकलं. लपवून उपयोग नव्हता, वच्छीनं फाटकातूनच ओरडून सांगायला सुरुवात केली होती. माय हसली, शेजारीण हसली. म्हशीला त्या दिवशी बाबांनी स्वतःच्या हातानं पेंड चारली.

मग ते माझ्याजवळ येऊन बसले.

"सगळी उगवली म्हंतो?"

"हाव बाबा. एक दाणा वाया नाई गेला."

"आन् वावरात तुह्या हातचा एकबी नाई उगवला. काहून, सांग?"

"काहून?"

बाबांनी शांतपणे तंबाखू तोंडात टाकली.

"तठी रोज उकरून पाहाले तू नव्हता!"