घराकडे तोंड करून नको

आयुष्यातल्या मोठ्या निर्णयांपूर्वी जाणत्याचा सल्ला घ्यावा, असे सर्व काळातले ज्ञानी लोक सांगत आले आहेत. त्यांच्यापैकी कुणी जुनी मोटार घेतली होती की काय, याचा उल्लेख माझ्या वाचनात नाही.

मला मोटार हवी होती ती आईच्या गुडघ्यांसाठी. सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय बुडवले तर गुडघे सुटतील, असे तिच्या मनाने घेतले होते. पण महाडहून तिथवर बैलगाडीचे धक्के तिला सोसवेनात. मी मुंबईत पंधरवडाभर मोटार हाकायला शिकून आलो होतो. ज्या रस्त्यावर शिकलो, तिथे चढ नावाचा प्रकार नव्हता.

पोलादपूरजवळ टेकडीवरच्या बंगल्यात एक पेन्शनर रावसाहेब आपली मोटार विकणार असल्याचे कळले. जाणता म्हणून मी मामांना बरोबर घेतले. मामांनी पंचक्रोशीतले निम्मे बैल पारखून दिले होते, आणि मोटारीची पारख वेगळी असते असे त्यांना वाटत नव्हते. त्यांनी गाडीभोवती तीन फेऱ्या घातल्या, चाकांवर थापा मारल्या, कंदिलांत डोकावून पाहिले. रावसाहेब गळ्यात उपरणे घालून, फोटो काढून घ्यायला उभे राहावे तसे शेजारी उभे होते.

मी गाडीत बसलो तसे मामा कानाशी आले.

"ह्याच्या घराकडं तोंड करून चालवून बगू नको रे. गोठ्याकडं कसलापन बैल धावतो. घरापासून लांब ने, मंग खोड समजते."

"अगदी रास्त!" रावसाहेब म्हणाले. "मामासाहेब जाणते दिसतात."

मामांना जन्मात प्रथमच कुणी मामासाहेब म्हटले होते. बंगला टेकडीच्या माथ्यावर असल्यामुळे घरापासून लांब जाणारी एकूण एक वाट उताराची होती, हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आले नाही. गाडी पाण्यासारखी खाली आली. सौदा टेकडीच्या पायथ्याशीच झाला आणि आम्ही तसेच महाडला आलो. वाटेत एकदोन चढांवर गाडी खोकली.

"नवा धनी हाय," मामा म्हणाले. "बुजते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला मागच्या बैठकीवर बसवून आम्ही निघालो. सव दिसू लागले आणि गावाआधीच्या चढावर गाडी थांबली. मी तीनदा चढवली, तीनदा ती सावकाश मागे आली. आई हात जोडून बसली होती, देवाला की मला, ते कळत नव्हते.

तेवढ्यात मागून एक भाड्याची मोटार आली. तिचा ड्रायव्हर उतरला, त्याने माझ्या बैठकीखाली वाकून पाहिले आणि हसला.

"साहेब, पेट्रोलची टाकी हितं खाली हाय. चढावर इंजिन वर जातं, पेट्रोल खालीच ऱ्हातं. तोंड फिरवा नि उलटी चढवा."

"बैल असा पाठमोरा चालला असता तर मी घेतला असता काय?" मामा माझ्यावरच उखडले.

"मामासाहेब, पारखलीत तुम्हीच," मी म्हणालो.

गाडी फिरवली. आता आई सर्वांच्या पुढे आणि मी सर्वांत मागे. उरलेला अर्धा मैल मी मान मागे वळवून, तिच्या पदराआडून रस्ता शोधत काढला.

"म्हस हाय रे, म्हस!" ती ओरडायची. म्हैस नेमकी कुठे, ते म्हशीला पार केल्यावर सांगायची.

सवेत शिरलो तेव्हा गाडीचे तोंड महाडकडे होते. दारातली एक म्हातारी लगबगीने पुढे आली.

"निगालात व्हय? या हां परत."

"अगो, आत्ताच येतोय!" आई म्हणाली. फार दिवसांनी ती इतकी खूश दिसत होती.

कुंडाशी पोचल्यावर तिने एक अंगठा पाण्यात घातला, तो झटकन वर घेतला आणि हे पाणी फार कढत आहे, घरी थंड पाण्याचे विसण घालून घेता येते, असे सांगून ती पायरीवर बसली. माझी मान डावीकडे धरली होती ती सरळ होईना. त्या दिवशी कुंडात मी एकटाच उतरलो.