दोन वेळा लिहिलेले ‘नाही’

शुक्रवार, ७ मार्च. रक्कम रुपये ४,५००, फिजिओथेरपीच्या दहा बैठकांचे, आगाऊ. हजर: मी, माझी पत्नी, तिचा धाकटा भाऊ आणि फिजिओथेरपिस्ट मॅडम. शिवाय मधल्या पडद्याच्या पलीकडे गुडघा शेकत पडलेल्या एक आजी. सुटी बैठक ५०० ला होती, दहा एकदम घेतल्या तर ४५० ला पडत होती. मी दहा घेतल्या.

मी चाकणला सुट्या भागांच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. फेब्रुवारीत एक खोका उचलताना कंबरेत कळ आली आणि उजव्या पायात उतरली. गाडी चालवता येईना, म्हणून मेहुणा घेऊन आला होता. थेरगावातला हा दवाखाना म्हणजे दोन गाळे एकत्र केलेले, आत तीन खाटा आणि मध्ये हिरवे पडदे.

“खोका किती जड होता?” मॅडमनी विचारले.

“किलो-ग्रॅममध्ये सांगतील बघा,” मेहुणा म्हणाला. “दाजींना सगळं पाठ असतं.”

“अकरा किलो,” मी म्हणालो. पडद्यापलीकडे आजी हसल्या.

मॅडमनी पाय सरळ ठेवून वर उचलला. पस्तीस अंशांवर कळ आली. पायाचा अंगठा वर दाबून धरायला सांगितला, हातोडीने टाचेवर ठोकून पाहिले. मग फाइल घेऊन एका सुरात विचारू लागल्या. ताप येतो का, वजन उतरलं का. “लघवी सुरू व्हायला वेळ लागतो का, काका? बसायच्या जागी बधिर वाटतं का?”

“काका म्हणाल्या, दाजी,” मेहुणा म्हणाला. “आता डायपरचा साइझ विचारतील.”

“गप रे,” पत्नी म्हणाली. पलीकडे आजी एकदम शांत झाल्या होत्या. ऐकत असाव्यात.

मी म्हणालो, “नाही.” मॅडमनी तसे लिहिले.

त्या दिवशी सकाळी लघवी सुरू होईपर्यंत माझे चाळीस आकडे मोजून झाले होते. आंघोळीचे पाणी मांडीच्या आतल्या बाजूला गरम लागत नव्हते.

“यातलं काहीही सुरू झालं, तर इथे यायचं नाही,” मॅडम म्हणाल्या. “सरळ मोठ्या हॉस्पिटलात जायचं. मणक्यातली गादी खालच्या नसांवर बसली तर लघवीचा ताबा जातो. वेळ गेला की तो परत येईलच असं नाही.” हेच छापलेला एक कागदही दिला. मी त्याची घडी करून पावतीला जोडून ठेवली. मग त्यांनी मशीन लावले आणि पालथे झोपून करायचे दोन व्यायाम दाखवले.

घरी दुखण्याला दहापैकी किती गुण, ते रोज लिहायचे होते. मी कॅलेंडरवर लिहिले. शुक्रवारी आठ, शनिवारी पाच, रविवारी चार, सोमवारी दोन. पत्नी म्हणाली, पैसे वसूल झाले. मलाही तसेच मानायचे होते. महिनाअखेरीला स्टोअरची मालमोजणी होती आणि रजा शिल्लक नव्हती. संडासातले आकडे मी कॅलेंडरवर लिहिले नाहीत. शनिवारी सत्तरपर्यंत मोजले. रविवारी मोजणे सोडून नळ चालू ठेवून बसलो. मेहुण्याच्या गाडीत बसलो की आपल्याखाली कोणी गोधडीची घडी ठेवली आहे असे वाटायचे.

सोमवारी संध्याकाळी दुसरी बैठक होती. पाय पन्नास अंशांपर्यंत गेला. मी मॅडमच्या तोंडाकडे पाहिले, त्या खूश नव्हत्या. अंगठा त्यांनी एका बोटाने खाली पाडला. पुन्हा धरायला सांगितला, पुन्हा पाडला. टाचेवर हातोडी मारली, तर पाऊल हललेच नाही.

“दुखणं कमी झालंय, आणि ताकदही,” त्या म्हणाल्या. “काका, लघवीचा काही त्रास?”

मेहुणा पडद्याला टेकून मोबाइल बघत होता. “नाही,” मी म्हणालो. त्यांनी लिहिले. मशीनची वायर हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली.

“दादा, तुम्ही आणि ताई जरा बाहेर बसा. दार ओढून घ्या.” पलीकडच्या दोन्ही खाटा त्या दिवशी रिकाम्या होत्या. त्या स्टूल ओढून माझ्या डोक्याशी बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “आज लघवीला किती वेळा गेलात? शेवटचं किती वाजता?”

हो की नाही विचारले असते तर मी तिसऱ्यांदाही नाही म्हणालो असतो. आकडा मला खोटा सांगता येत नाही. “एकदा. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी.” भिंतीवर सात वाजून पाच मिनिटे झाली होती. “बारा तास पंचावन्न मिनिटं,” मीच म्हणालो.

त्यांनी बेंबीखाली हात ठेवला. तिथे गच्च गोळा होता. त्यांनी दाबला, आणि मला काहीच दुखले नाही.

पुढे त्या फक्त कामाचे बोलल्या. चिठ्ठी लिहिली, हॉस्पिटलला फोन करून एमआरआय तयार ठेवायला सांगितला. पत्नीला म्हणाल्या, “घरी जायचं नाही. कपडे आणायलासुद्धा नाही.” डांगे चौक ओलांडायला आम्हाला पस्तीस मिनिटे लागली.

हॉस्पिटलात आधी नळी घालून लघवी काढली. सव्वा लिटर निघाली. सर्जननी विचारले, त्रास कधीपासून? पत्नी शेजारी उभी होती. मी म्हणालो, शुक्रवार सकाळपासून. पत्नीने माझ्याकडे पाहिले. सर्जननी बोटांवर दिवस मोजून कागदावर लिहिले. ऑपरेशन त्याच रात्री झाले.

उरलेल्या आठ बैठका एप्रिल-मेमध्ये पावलासाठी वापरल्या. पहिल्याच दिवशी मी मॅडमना खरे सांगितले. त्यांनी फाइल उघडली. त्यांच्याच अक्षरात दोन वेळा ‘नाही’ लिहिलेले होते.

“मी शुक्रवारीच सगळ्यांना बाहेर काढायला हवं होतं.”

“तुम्ही विचारलं होतं, मॅडम. खोटं मी बोललो.”

“सगळ्यांसमोर विचारलं होतं,” त्या म्हणाल्या आणि फाइल मिटली.

पाऊल आता उचलते, जिना चढतो. लघवीचा ताबा आलेला नाही. सर्जन म्हणतात, वर्षभर वाट पाहा, पण हे सांगताना ते कागदाकडे पाहतात. दिवसातून चार वेळा मी स्वतः नळी घालतो. कंपनीत कोणाला माहीत नाही. मेहुण्याला पत्नीने सांगितले असावे, कारण तो हल्ली मला दाजी म्हणतो आणि पुढे काही जोडत नाही.

थेरगावातले औषधवाले ओळखीचे आहेत, म्हणून मी कासारवाडीला जातो. गेल्या शनिवारी पंधरा दिवसांच्या साठ नळ्या घेतल्या, प्रत्येकी ३२ रुपये. रुपये १,९२० रोख दिले, कासारवाडीच्या औषधवाल्याला. बिलावर नाव काय घालू, असे त्याने विचारले. मी म्हणालो, बिल नको.